लाभार्थी यादीत माझंही नाव घाला

पीएम किसानची यादी कुणालाही मोबाइलवर बघता येते. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नावं सरसर खाली उतरतात. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. तिथली यादी मी अधूनमधून उघडून बसते. नोकरीची सगळी वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, ती खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. यादीत चुलते आहेत, भाऊ आहे, शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसणारी एक मैत्रीण आहे. मी नाही. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं नाव लागलं, पण महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन असलेल्याला ही योजना नाही आणि मला केंद्राचं पेन्शन आहे. नियम योग्य आहे. तक्रार नाही.

तरीही शेतीच्या नावाने या देशात जो पैसा इकडून तिकडे हलतो, त्याची मी लाभार्थी आहे. दिल्लीत माझ्यासारखे लाखो आहेत. फक्त आमच्या नावांची यादी कुठल्या पोर्टलवर लागत नाही.

कस्तुरबा गांधी मार्ग कॅनॉट प्लेसला सुरू होतो आणि इंडिया गेटच्या गोलापाशी संपतो. जुने दिल्लीकर त्याला अजून कर्झन रोड म्हणतात. ब्रिटिश कौन्सिल इथे, अमेरिकन सेंटर इथे, आणि २०१३ पासून आपलं नवं महाराष्ट्र सदनही इथेच. संसदेचं अधिवेशन चालू असलं की सदनाच्या दारात पांढऱ्या गाड्या लागतात आणि निवेदनांचे गठ्ठे काखेत मारलेली माणसं दिसतात. कुणाचं इथेनॉल, कुणाचं सोयाबीन, कुणाचा कांदा. त्यातले कांदेवाले मला लगेच ओळखू येतात. ते दिल्लीतसुद्धा हातगाडीपाशी थांबून आधी भाव विचारतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये या रस्त्याच्या कॅनॉट प्लेसकडच्या टोकाला सरकारी कांद्याची गाडी उभी होती. एनसीसीएफ या सहकारी ग्राहक महासंघाने त्या महिन्याच्या ५ तारखेपासून ३५ रुपये किलोने विक्री सुरू केली होती. बाजारात कांदा साठीच्या आसपास होता. रांगेत माझ्यापुढे काळा कोट घातलेले एक वकील होते, त्यांच्यापुढे कुणा साहेबांचा ड्रायव्हर. मी दोन किलो घेतला. संध्याकाळी भावाला फोनवर सांगितलं तर तो हसला. "बरं झालं ताई. आमच्याच भागातला असेल तो." मग जरा थांबून म्हणाला, "पावतीवर अनुदान किती लिहिलंय?"

पावतीवर तसलं काही नव्हतं. त्याच्या प्रश्नातली खोच मला कळायला एक क्षण गेला. तो कृषी सेवा केंद्रात युरिया घ्यायला जातो तेव्हा मशिनवर अंगठा लावावा लागतो, आणि पावतीवर छापून येतं की या गोणीसाठी भारत सरकारने अमुक इतकं अनुदान सोसलं. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, सरकारचा भार त्याच्या कित्येक पट असतो. ते पैसे शेतकऱ्याच्या खात्यात येत नाहीत, कंपनीला जातात. पण हिशेब मांडला जातो त्याच्या नावावर. शिवाय दुकानदाराचं लिंकिंग असतं: युरिया हवा तर ही बाटली घ्या, ती पुडी घ्या. ते पैसे मात्र त्याच्या खिशातून. तर दर गोणीमागे सरकारने आपल्यावर किती उपकार केले हे त्याला लेखी कळतं. दर किलो कांद्यामागे माझ्यावर कुणी किती उपकार केले, हे मला कुणी लिहून दिलेलं नाही. पस्तीस रुपयांच्या कांद्यातला सरकारने सोसलेला तोटा तरी अर्थसंकल्पात शोधला तर कुठेतरी सापडेल. माझं खरं अनुदान त्यात नव्हतं. ते त्याआधीच्या हिवाळ्यात मी घेऊन बसले होते.

७ डिसेंबर २०२३ ला रात्री अधिसूचना निघाली आणि ८ तारखेपासून कांद्याची निर्यात बंद. त्याआधी ऑगस्टात ४० टक्के निर्यात शुल्क लावून झालं होतं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान किंमत ठरवून झाली होती. तरी दिल्लीतला भाव हवा तितका उतरेना, म्हणून दारच लावून घेतलं. लासलगावला लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकरी रस्त्यावर बसले. चार हजारांच्या घरात असलेला क्विंटलचा भाव महिना संपायच्या आत निम्म्यावर, काही दिवस त्याच्याही खाली आला. हिशेबाला प्रामाणिक राहायचं तर हेही सांगायला हवं की त्याच दिवसांत लाल कांद्याची आवक वाढत होती आणि भाव काही प्रमाणात तसाही उतरलाच असता. म्हणून सगळी घट बंदीच्या माथी मारत नाही. क्विंटलमागे फक्त हजार रुपये बंदीचे धरते.

शंभर क्विंटल लाल कांदा म्हणजे एखाद-दीड एकराचं पीक. हजार रुपयांनी एक लाख. केंद्राचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे सहा हजार मिळून बारा हजार होतात. म्हणजे आठ वर्षांचा सन्मान एका हिवाळ्यात, एका अधिसूचनेने परत घेतला गेला. गंमत अशी की पीएम किसानचा सोळावा हप्ता याच बंदीच्या काळात, २८ फेब्रुवारी २०२४ ला, यवतमाळच्या कार्यक्रमातून सोडण्यात आला. मोबाइलवर दोन हजार जमा झाल्याचा मेसेज आला तो गावातल्या सगळ्यांनी वाचला. लाख गेल्याचा मेसेज येत नसतो.

एप्रिलच्या शेवटी तर गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. नाशिककरांनी काय म्हणायचं ते म्हटलं. लगोलग सरकारने सहा देशांना मिळून ९९,१५० टनांच्या परवानगीचा आकडा जाहीर केला. ऐन लोकसभा निवडणुकीत, ४ मे रोजी, बंदी उठली, तीही ५५० डॉलर किमान किंमत आणि ४० टक्के शुल्काचं शेपूट ठेवून. पुढे दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या आणि एक शिक्षक खासदार झाले. त्याची कारणं एकट्या कांद्यात नसतील, पण लासलगाव-पिंपळगावात कुणालाही विचारा, ते दुसरं कारण सांगायला वेळ लावतील. शेवटचं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. तोवर बांगलादेशाने स्वतःची लागवड वाढवलेली होती आणि आपली गिऱ्हाइकं पाकिस्तान, चीनच्या कांद्याला सरावली होती. त्यानंतर त्या वर्षी शुल्क नव्हतं, बंदी नव्हती, आणि चाळीतल्या कांद्याला भावही नव्हता. सवय मोडलेलं गिऱ्हाईक अधिसूचना काढून परत आणता येत नाही.

दिल्ली कांद्याला घाबरते, त्याला कारण आहे. १९९८ मध्ये कांद्याने इथलं सरकार पाडलं असं आजही बोललं जातं, आणि प्रत्येक पक्षाने तो धडा पाठ केला आहे. त्यामुळे इथे कांद्याचा भाव हा गृहखात्याने बघायचा विषय असावा अशा तातडीने बघितला जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सणासुदीला नाशिक जिल्ह्यातून सोळाशे टन कांद्याची खास मालगाडी दिल्लीत किशनगंज स्टेशनात आणली गेली, त्याची बातमी एखाद्या पाहुण्याच्या स्वागतासारखी छापून आली. मला त्यात वावगं वाटत नाही. सरकारने कांदा बाजारभावाने विकत घ्यावा, साठवावा, महाग झाला की तोटा सोसून विकावा, हे सरळ आहे. तोटा तिजोरीचा, म्हणजे सगळ्यांचा. वावगं आहे ते दुसऱ्याच्या मालाचं दार बंद करून भाव पाडणं, आणि मग त्यालाच अनुदान खातो म्हणून बोल लावणं.

हे बोल कसे असतात ते मी ऑफिसात पुष्कळ ऐकले. डब्याच्या वेळी एखादा सहकारी, भला माणूस, विचारायचा, तुम्हा शेतकऱ्यांना टॅक्स नाही, वीज फुकट, कर्ज माफ, आणखी काय हवं? मी उत्तर देत बसायची नाही. फुकट वीज रात्री येते आणि रात्री पाणी भरायला जाणाऱ्याच्या पायाखाली काय असतं हे त्याला सांगून काय उपयोग. २०२५ मध्ये तर महाराष्ट्राच्याच तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी एक रुपयातल्या पीक विम्यावरून भिकाऱ्याची उपमा दिली. नंतर सारवासारव झाली. ती योजना खोटे विमे निघाल्याच्या तक्रारींनंतर बंदही झाली, आणि खोटे विमे निघाले होते हे खरंच आहे. शेत नसलेल्या जागांवर पीक दाखवणारी माणसं काही चंद्रावरून आली नव्हती. शेतकऱ्यांतही चोर आहेत. पण चोरी पकडायची तर खातं पूर्ण लिहावं लागतं. आपण जमेची बाजू लिहितो आणि वजेची बाजू कोरी सोडतो.

हे मी नव्याने सांगत नाही. शरद जोशींनी स्वित्झर्लंडमधली, बर्नच्या जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला जमीन घेतली आणि १९८० मध्ये कांद्याचंच आंदोलन उभं केलं. भीक नको, हवे घामाचे दाम, ही त्यांची घोषणा. सरकार शेतकऱ्याला अनुदान देत नाही, उलट त्याच्याकडून वसूल करतं, हे ते आकडे मांडून सांगत आणि दिल्लीतले अर्थतज्ज्ञ मान हलवत, होकारार्थी नव्हे. १९८९ च्या २ ऑक्टोबरला दिल्लीत बोट क्लबवर उत्तर प्रदेशातले शेतकरी नेते टिकैत आणि जोशी यांची एकत्र सभा होती. लाल बिल्ले लावलेले शेतकरी संघटनेचे आपले लोक तेव्हा इंडिया गेटच्या परिसरात जथ्याने बसले होते. सभेत व्यासपीठावरच दोन्हीकडच्यांची जुंपली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्या गोंधळाचीच चर्चा, मागणीची नाही.

आकड्यांवर शिक्कामोर्तब व्हायला २०१८ उजाडलं. विकसित देशांची ओईसीडी ही संघटना आणि दिल्लीतली इक्रिअर ही संशोधन संस्था यांनी मिळून भारताच्या शेती धोरणाचा अहवाल काढला. त्यांची पद्धत सरळ आहे. सरकारने दिलेलं सगळं, म्हणजे खत, वीज, पाणी, रोख रक्कम, एका बाजूला. निर्यातबंदी, साठ्यावरची बंधनं, शुल्क यांमुळे शेतकऱ्याला जगाच्या बाजारापेक्षा जे कमी मिळालं ते दुसऱ्या बाजूला. २०००-०१ ते २०१६-१७ या काळाची सरासरी निघाली शेतीच्या ढोबळ उत्पन्नाच्या उणे १४ टक्के. जपान, नॉर्वे, स्वित्झर्लंड या देशांत हाच आकडा मोठ्या अधिकाचा असतो. म्हणजे जोशी ज्या देशातून परत आले तिथे समाज शेतकऱ्याला पोसतो, आणि ज्या देशात आले तिथे उलट. अहवालाची बातमी झाली, चर्चासत्रं झाली, चहा झाला. पाच वर्षांनी पुन्हा निर्यातबंदी आली.

अमेरिकन सेंटरच्या ग्रंथालयात मी पूर्वी बरीच बसायची. उन्हाळ्यात तिथे गारवा असतो हे एक कारण. अमेरिकेत शेती अनुदानाच्या याद्या एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप ही खासगी संस्था लावते हे मी तिथे वाचलं. काउंटीवार, म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखं, नाव आणि रक्कम. त्यातून बाहेर आलं की बड्या शेतांना बडी रक्कम जाते, आणि काही चेक न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या पत्त्यांवर जातात. युरोपातही याद्या लागल्या, त्यात इंग्लंडच्या राणीच्या इस्टेटीचं नाव निघालं. २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने वैयक्तिक शेतकऱ्यांच्या खासगीपणाचा मुद्दा मान्य केला, मग काही रकमेच्या वरच्यांचीच नावं लावायचं ठरलं. त्यांच्याकडे वाद आहे तो श्रीमंत शेतकऱ्याने किती घ्यावं याचा. आपणही तशी यादी लावली, पण आपला प्रश्न वेगळा आहे: गरीब शेतकऱ्याने किती द्यावं?

न्यूयॉर्कच्या पत्त्यावरून आठवलं. आमच्या गावच्या यादीतली बरीच नावं नाशिकला, पुण्याला राहतात. कुणी कंपनीत आहे, कुणाचं दुकान आहे. आयकर भरत नसतील तर ते पात्र आहेत, कारण योजना जमिनीच्या नावावर आहे, घामाच्या नाही. १ फेब्रुवारी २०१९ ला सातबारा कुणाच्या नावावर होता, एवढंच ती विचारते. माझ्या हिश्श्याची जमीन गावातला एक वाटेकरी करतो. निम्मा खर्च त्याचा, मेहनत सगळी त्याची. मी यादीत नाही कारण मला पेन्शन आहे, तो यादीत नाही कारण त्याच्या नावावर गुंठाही नाही. म्हणजे त्या तुकड्यासाठी सरकार कुणालाच काही देत नाही. कांद्याचा भाव पाडला तेव्हा मात्र त्याचा हिस्सा बरोबर कापला गेला. तिथे सातबारा विचारला नाही.

त्याच्याशी लेखी करार करावा असं माझ्या मनात फार दिवस आहे. निदान पीक विमा, पीककर्ज, नुकसानभरपाई त्याच्या नावाने मागता येईल. भावाला म्हटलं तर तो फोनवर आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, कागद करू नको. कूळ लागेल." १९४८ चा कूळ कायदा, १९५७ चा कृषक दिन, कसेल त्याची जमीन, हे सगळं आमच्या घरात अजून कालपरवाचं आहे; आजोबांना त्या कायद्याने जमीन मिळाली आणि आता नातवंडांना त्याच कायद्याची धास्ती. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा करून ठेवला, मालकी अबाधित आणि कसणाऱ्यालाही कागद. आमच्या गावात तो पोचलेला नाही. कागद नसलेला माणूस यादीत येत नाही, आणि यादीत नसलेला माणूस शेतकरी नसतो. पिकं मात्र तोच काढतो.

बायकांचं असंच. पीएम किसानच्या एकोणिसाव्या हप्त्याला, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ९.८ कोटी शेतकऱ्यांत महिला २.४१ कोटी होत्या. चौथा हिस्सा. कांदा लावणी बघितलेल्या कुणालाही हा आकडा हसण्यावारी न्यावासा वाटेल, कारण वाफ्यात वाकलेल्या रांगेत पुरुष शोधावा लागतो. १९८६ साली आमच्या शेजारच्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली: घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करा. काही गावांनी केला. आज त्या लक्ष्मीला काय मिळतं बघा. लाडकी बहीण योजनेत महिन्याला दीड हजार, पण तिच्या नावावर जमीन असून दोन्ही सन्मान निधी मिळत असतील तर ते महिन्याचे हजार वजा करून हातात पाचशे. जमीन नसलेलीलाही दीड हजार, असलेलीलाही सगळं मिळून दीड हजार. सातबारा नावावर करून घेऊन तिने मिळवलं काय, हे मला तरी सांगता येत नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या घरी धुणीभांडी करायला येणारी बाई बिहारची, भाड्याच्या खोलीत राहते, कांदा ऐंशीवर गेला की ती तो सोडते. तिने काय करायचं? तिचा प्रश्न खोटा नाही. पण तिच्यासाठी पैसा कुठून यावा हा हिशेबाचा प्रश्न आहे. रेशनचं धान्य २०२३ पासून फुकट आहे, देशातल्या ऐंशी कोटींना महिन्याला माणशी पाच किलो, आणि त्याचा खर्च तिजोरीतून होतो. तिला चार महिने कांद्यासाठी रोख द्या, रेशन दुकानात कांदा द्या, गाडीवर तिचं कार्ड बघून द्या. निर्यातबंदीने काय होतं? तिला स्वस्त मिळतो, मला स्वस्त मिळतो, रांगेतल्या वकिलाला, साहेबांच्या बंगल्याला, आणि ज्या हॉटेलात सॅलडच्या बशीचे वेगळे पैसे लावतात त्यालाही. आम्ही सगळे मिळून निफाडच्या वाटेकऱ्याकडून वर्गणी घेतो. गरिबाचं नाव पुढे करून पेन्शनवाल्याने स्वस्त खायचं, असा हा कारभार आहे.

भाव पडल्याची भरपाई शेतकऱ्याला देणं अवघड आहे असं सांगितलं जातं. ते खरं नाही, महाराष्ट्राने ती करून दाखवली आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत कांदा मातीमोल झाला. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरला विकला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन त्याच्या हाती २ रुपये ४९ पैसे राहिले; दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. ती विक्रीची पट्टी देशभर छापून आली. मार्चमध्ये दिंडोरीहून लाँग मार्च निघाला आणि सरकारने क्विंटलला साडेतीनशे रुपये जाहीर केले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात बाजार समितीत विकलेला लाल कांदा, कमाल २०० क्विंटल. पुरावा म्हणून विक्रीची पट्टी. भावाने त्या वेळी ट्रंकेतून, देव्हाऱ्यामागून, शर्टांच्या खिशांतून पट्ट्या गोळा केल्या. एक पट्टी धुण्यात गेलेली होती, तिच्यावर वजन दिसत होतं, तारीख नाही. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नाही म्हणून अनेकांचे अर्ज अडले, मग ती अट सैल करावी लागली. पैसे आले ते महिनोन् महिने तुकड्यातुकड्यांनी. पण आले. कोणी, कधी, किती क्विंटल, कोणत्या भावाने विकला हे बाजार समितीच्या दप्तरात असतं, आणि त्यावरून फरक देता येतो, हे सिद्ध झालं.

तर ज्या दिवशी केंद्र निर्यात बंद करतं किंवा शुल्क लावतं, त्या दिवसापासून ते उठेपर्यंत बाजार समितीत विकल्या गेलेल्या प्रत्येक क्विंटलला ठरावीक फरक द्यावा. ग्राहक व्यवहार खात्याच्या तरतुदीतून, कारण फायदा ग्राहकाचा आहे; कृषी खात्याच्या नव्हे. पट्टी ज्याच्या नावाने फाटली त्याच्या खात्यात, म्हणजे वाटेकऱ्याने स्वतःच्या नावाने माल नेला तर त्याच्या. मग मंत्रालयात फाइल चालेल तेव्हा तिच्यावर एक रक्कम लिहावी लागेल. एवढी रक्कम सोसून भाव पाडायचा आहे का, हे वित्त खातं विचारेल. आज ते विचारत नाही, कारण आज बंदी फुकट पडते. मी फायली बघितल्या आहेत. ज्या प्रस्तावाच्या खाली आकडा नसतो तो दुपारपर्यंत मंजूर होतो.

महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत आहेत. अधिवेशनात त्यातले काही सकाळी कस्तुरबा गांधी मार्गावरूनच निघतात. त्यांच्यापैकी कुणीही, मग पक्ष कोणताही असो, पुढच्या अधिवेशनात एक प्रश्न द्यावा: ८ डिसेंबर २०२३ ते ३ मे २०२४ या काळात देशातल्या बाजार समित्यांत किती क्विंटल कांदा विकला गेला, बंदीच्या आधीच्या महिन्यातला सरासरी भाव आणि या काळातला भाव यांत किती फरक होता, आणि त्या फरकाची एकूण रक्कम किती. राज्यवार तक्ता जोडून मागावा. तारांकित नसला तरी चालेल. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं आणि संसदेच्या संकेतस्थळावर कायमचं राहतं, मला घरबसल्या वाचता येईल.